राष्ट्रीय सोडतीचा खरा इतिहास

प्रति,
श्री. एकनाथ गुर्जर,
अध्यक्ष, राष्ट्रीय सोडत समिती,
अमेरिकेतील मराठी मंडळे,
पार्सिपनी, न्यू जर्सी.

विषय : अधिवेशनाच्या स्मरणिकेतील 'राष्ट्रीय सोडतीचा इतिहास' या पानास मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दि. २ मे १९८५ चे पत्र ("सोडतीबद्दल चार गोड शब्द लिहावेत").

महोदय,

उपरोक्त विषयी नम्रपणे कळविण्यात येते की, मराठी टाइपरायटर अर्जदार बाईकडेच असल्याने स्मरणिका दरवर्षी तिच्याच गळ्यात पडते. यंदा तिच्याकडून इतिहासही मागवलात. तो तिने लिहिला आहे.

१. सन १९८१ च्या पहिल्या सोडतीत बक्षीस प्रेशर कुकरचे होते. पुढच्या वर्षी एका गृहस्थांनी कुत्र्याच्या नावावरही तिकिटे घेतली. तेव्हापासून तिकिटावरचे व ड्रायव्हिंग लायसन्सवरचे नाव एकच हवे, असा नियम झाला.

२. सन १९८४ च्या गणेशोत्सवात बक्षीस मुंबईच्या विमानप्रवासाचे होते, जाऊन-येऊन. अर्जदाराचे वडील नागपूरला अंथरुणाला खिळले होते आणि पतीची नोकरी नुकतीच गेली होती. तिने एकच तिकीट घेतले व माहेरी जायचे म्हणून त्यावर माहेरचे नाव घातले : नंदा राजाराम भालेराव. तेच निघाले. लायसन्सवर अर्थातच लग्नात ठेवलेले नाव, सुमित्रा. आपण फोनवर म्हणालात, "वहिनी, रूल इज रूल. तुमचं तिकीट कॅन्सल केलंय, मी तरी काय करणार?"

३. वास्तविक आपण त्या लग्नात वराचे मित्र म्हणून हजर होता. ताटातल्या तांदळात नवे नाव लिहिले, तेव्हा ताट आपणच धरले होते. पहिला पेढाही आपणच उचललात. फेरसोडतीत बक्षीस आपले मेहुणे श्री. हेमचंद्र यांना लागले. ते मुंबईला जाऊन परत आले आणि त्यांनी आंबाबर्फी वाटली. अर्जदाराकडेही एक डबा आला. त्याच आठवड्यात तिचे वडील गेले. "नंदा आली का?" असे ते शेवटपर्यंत विचारत होते, असे आईचे पत्र आहे.

४. अर्जदाराला याचा सूड घ्यायचा आहे, हे ती आडपडदा न ठेवता नमूद करते. इतिहासात नावे, तारखा व आपले फोनवरचे बोलणे जसेच्या तसे आले आहे. गोड शब्द शोधले, सापडले नाहीत.

सबब, सदर पानास मंजुरी द्यावी. स्मरणिकेच्या सहाशे प्रती सोमवारी सर्व मंडळांकडे पोस्टाने रवाना झाल्याने मंजुरी सवडीने दिली तरी चालेल. पुण्याला आपल्या मातोश्रींची प्रत मात्र आधीच एअरमेलने गेली आहे.

आपली, नम्र म्हणवत नाही,
सौ. सुमित्रा शैलेंद्र वऱ्हाडपांडे
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
दि. २० जून १९८५

सोबत : १) इतिहासाचे पान २) रद्द तिकीट ३) आईच्या पत्राची झेरॉक्स