शेवटचे प्रकरण फेरसादर करण्याबाबत

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं या खेपेला आपोआपच झालं). मामींनाही सांगा. तुमचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळं ठीक. आई बरी आहे. तुम्ही विचारलेलं नाही, गेली सात वर्षं एकाही पत्रात विचारलेलं नाही, पण हे वाक्य घालायची मला सवय लागली आहे म्हणून घातलं.

पत्रास कारण की मी कादंबरी लिहितो आहे. पत्र मामींना वाचून दाखवत असाल तर हे वाक्य गाळून पुढे चला, त्या हसतील. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकवीस वर्षं लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहून झाल्यावर मला वाटलं, हात लिहिता आहे, पानं भरायला कितीसा वेळ लागणार. पानं भरली. पण पहिल्याच प्रकरणात नायक नायिकेला म्हणाला, आपल्या म्हणण्याच्या अनुषंगाने कळविण्यात येते की माझेही आपल्यावर प्रेम आहे. मी ते खोडलं. दुसऱ्या खेपेला म्हणाला, सदर बाब विचाराधीन आहे. तिसऱ्या खेपेला त्याने तिच्याकडे तीन प्रतींत अर्ज मागितला, तेव्हा मी नायिकाच काढून टाकली आणि त्याला एक थोरली बहीण दिली. बहिणीशी बोलताना माणूस कचेरीतलं बोलत नाही असा माझा अंदाज होता. तो खरा ठरला. दोघं दुसऱ्याच पानावर भांडायला लागली.

तर कादंबरी या भावाबहिणीची आहे. वडील गेल्यावर त्यांची हातांची लाकडी खुर्ची बहिणीकडे राहते. एक दिवस ती भावाला न विचारता खुर्ची भंगारवाल्याला देऊन टाकते. भाऊ येतो, मोकळा कोपरा बघतो, अर्धा कप चहा तसाच ठेवून उठतो आणि पुन्हा त्या घरी पाऊल टाकत नाही. (सगळी पात्रं काल्पनिक आहेत. पुस्तकात तसं छापूनही येईल.)

लिहायची जागा म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराशी, फ्रिज आणि खिडकी यांच्या मधोमध. तिथून उठल्याशिवाय फ्रिज उघडता येत नाही, त्यामुळे घरात कुणाला दूध हवं असलं की माझं प्रकरण थांबतं. बायकोचं म्हणणं, नुसता खिडकीबाहेर बघत बसणार असाल तर बघता बघता भाजी निवडा. खिडकीबाहेर बघणं हेच निम्मं काम असतं, हे मी तिला एकदाच सांगून पाहिलं. बसायची खुर्चीही डावीकडे कलते. शेवटी तिच्या पायाखाली तिसरं प्रकरण घडी करून घातलं (ते नाहीतरी जडच झालं होतं). तेव्हापासून खुर्ची बरी बसते आणि कादंबरीही जरा पुढे सरकते.

खरा घोटाळा नवव्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणाचा झाला. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, म्हणून आमच्या टंकलेखक बाई जेवणाच्या सुट्टीत मला प्रकरणं टाइप करून देतात. बाई टाइप करताना एक अक्षर वाचत नाहीत. वाचलं की चुका होतात, असं त्यांचं मत आहे. त्यांनी नवव्या प्रकरणाला हाताच्या सवयीने जावक क्रमांक घातला, खाली ‘प्रत माहितीसाठी’ लिहिलं आणि ते सहीच्या फायलीत ठेवून दिलं. साहेबांनी ते गळक्या व्हॉल्व्हच्या दोन तक्रारींच्या मध्ये बसून वाचलं असावं. तिसऱ्या दिवशी कागद परत आला. वर शेरा होता: ‘बहिणीची बाजू ऐकून घेतलेली दिसत नाही. खुलासा मागवून फेरसादर करावे.’ खाली सही आणि तारीख.

दोन दिवस साहेबांसमोर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की माणूस बरोबर बोलतो आहे. मी सगळं भावाच्या बाजूने लिहिलं होतं. सायकल शिकवताना ज्याने सीट कधी सोडली ते कळलंच नव्हतं, अशा मामाचा भाचा दुसरं काय लिहिणार?

आता खुलासा मागवायचा तर कुणाकडून? घरात या विषयातलं कळणारं एकच माणूस आहे. रविवारी आई मटार सोलत बसली होती, तिला नववं प्रकरण वाचून दाखवलं. त्यात भाऊ येतो, बेल वाजवतो, बहीण धावत जाऊन दार उघडते आणि पुढे दोन पानं दोघं रडतात. हा शेवट मी अकरा वेळा लिहिला आहे आणि दर वेळी रडणं चार ओळींनी वाढलं आहे.

आईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘‘तो बेल वाजवणार नाही. खालूनच हाक मारेल, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी. आणि ती काही धावत जायची नाही. आधी चहा ठेवेल, मग दार उघडेल.’’ मी ते लिहून घेतलं. बरेच मटार सोलून झाल्यावर तिने विचारलं, ‘‘मग येतो का तो?’’ मी म्हटलं, प्रकाशकाने महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. ती म्हणाली, ‘‘प्रकाशकाचं नाही विचारलं मी.’’

मामा, मला फार वाईट वाटलं. मग मीही मटार सोलले.

बाकी विशेष काही नाही. मामींना पुन्हा नमस्कार. तुमचा लोभ मी न विचारता धरूनच चालतो.

तुमचा भाचा

ता. क. महिनाअखेरीला शेवटचा रविवार येतो. शेवट कसा होतो ते मला ठाऊक नाही, आणि बाराव्यांदा मनाने लिहायची माझी तयारी नाही. तुम्ही आलात तर मी कोपऱ्यात बसून नुसतं लिहून घेईन. बेल चालू आहे, पण ती वाजवू नका.

ता. क. दुसरा. हे तुम्हाला सांगायचं नाही अशी आईची सक्त ताकीद आहे. तुम्ही उठून गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती भंगारवाल्याकडे गेली आणि खुर्ची परत घेऊन आली. एवढी वर्षं तिचं एकच म्हणणं: त्याने एकदा विचारावं, मग सांगेन. तुम्ही विचारलं नाहीत. सगळी कादंबरी मी आजोबांच्या खुर्चीत बसून लिहिली आहे.

ता. क. तिसरा. बसताना डावीकडे फार टेकू नका. तिथे तिसरं प्रकरण आहे.