मागच्या साइटवरची गुलाबी रेघ

मी, खाली सही करणारी, वय सत्तावीस, नेमबाजी क्लबच्या दुरुस्तीखोलीत रिव्हॉल्व्हरच्या साइट, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या खुणा, दुरुस्त करून नेमाला लावणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. दबाव नाही हे खरे. पण लिहायला बसल्यापासून वहिनी दोनदा दारातून डोकावून गेली, हेही नोंदवून ठेवते.

१. मंगळवारी माझ्या गळ्याची गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "छोटंसं काम आहे." पुढची साइट कानशीने घासण्याआधी मीही गिऱ्हाइकाला हेच सांगते. घासलेले लोखंड परत येत नाही, म्हणून हा कागद.

२. राहत्या दोन खोल्यांतला माझा हिस्सा दादाला. बँकेतली शिल्लक दादाच्या मुलीच्या शिक्षणासाठी, दुसऱ्या कशासाठीही नाही. लोखंडी कपाट वहिनीला. मागच्या आठवड्यात ती ते फितीने मोजत होती. मी विचारले नाही, तिने सांगितले नाही.

३. क्लबची हत्यारे क्लबची आहेत; त्यांना घरच्या कोणीही हात लावू नये. माझी म्हणजे सात कानशी, भिंग, आणि माझ्या वडिलांनी, आबांनी, एकेका स्क्रूच्या खाचेच्या मापाला घासून बनवलेले अकरा पेचकस. शिवाय नोंदवही. आमच्या घरात लिहितावाचता येणारी मी पहिली. पूर्वी आबा टेबलावरून ओरडून विचारत, "हे साहेब नेम कुठं धरतात रे?" आणि काका लेथवरून ओरडून सांगत. कोणी निशाणाच्या काळ्या गोलाच्या मध्यावर धरतो, कोणी त्याच्या खालच्या कडेला, आणि साइट त्याप्रमाणे लावावी लागते. मी कामाला लागल्यावर हा आरडाओरडा बंद केला. सगळे मी वहीत उतरवू लागले.

४. माझे सख्खे काका यांना माझ्या वस्तूंपैकी काहीही देऊ नये, एक पेचकससुद्धा. कारण पुढीलप्रमाणे. दोन वर्षांपूर्वी क्लबात नेमबाजी करणाऱ्या मास्तरीणबाईंच्या रिव्हॉल्व्हरची मागची साइट मी नवी पट्टी घालून दुरुस्त केली, मध्यावर नेम धरून पाच गोळ्या झाडून तपासली, आणि उंचीच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. स्क्रू कोणी फिरवला तर रेघ तुटते. निवड स्पर्धेत बाईंच्या सगळ्या गोळ्या वर गेल्या. त्यांची निवड हुकली. आबांनी "चूक माझी" एवढेच म्हणून कानस खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही, आणि वर्षाच्या आत गेले. ती साइट बदलून मी स्वतःजवळ डबीत ठेवली आहे. भिंगाखाली लाल रेघ तुटलेली दिसते, आणि तिच्यावर दुसरी रेघ, गुलाबी. खोलीची किल्ली आबा, काका आणि मी अशा तिघांकडेच होती. आबा माझ्या कामावर हात फिरवणार नाहीत. उरले काका. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललेली नाही.

कलम ४ रद्द. त्यावर आडवी रेघ मारून समासात सही केली आहे. नवा कागद घेतला नाही. मी काय लिहिले होते ते दिसले पाहिजे. रद्द करण्याचे कारण लिहिणे भाग आहे.

हे कलम मी स्वतःशीच मोठ्याने वाचून तपासत होते. वहिनी तिसऱ्यांदा आली.

"गुलाबी? अगं, ती बाटली माझी."

मी विचारले, "काकांना तू दिलीस?"

"काकांना कशाला? आबांनी मागितली. म्हणाले, लाल आहे का? मी म्हटलं, लाल नाही, गुलाबी आहे. तर म्हणे, चालेल, पोरीला एवढं कुठं दिसतंय! मला वाटलं, म्हाताऱ्याला आता हौस आली."

"दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू तर मला कपाट मोजताना पाहून तोंड फिरवतेस. कपाटावर ऊन येतं, त्याला पडदा शिवायचाय."

मी डबी घेऊन काकांच्या लेथपाशी गेले. त्यांनी यंत्र बंद केले.

"रेघ आबांची का?"

"बस आधी."

"काका, हो की नाही?"

"हो. त्यानं तुझ्यामागं झाडून पाहिलं. खालच्या कडेला नेम धरून, जसा तो जन्मभर धरायचा. गोळ्या खाली लागल्या. मला म्हणाला, पोरगी चुकली, पण तिला कळू देऊ नको, हिरमुसेल. स्क्रू फिरवून साइट वर चढवली, वरून रेघ ओढली."

"मी चुकले नव्हते. वहीत स्पष्ट लिहिलं होतं, बाई मध्यावर नेम धरतात!"

काका हात पुसत राहिले. मग म्हणाले, "लिहिलं असशील गं. त्याला वाचता कुठं येत होतं? मला तरी कुठं येतं?"

मी म्हणाले, "मग माझा राग तुम्ही का सोसलात?"

"त्याच्यावर धरला असतास तर त्याला कुठं सोसला असता? माझं काय, मी रोज समोर आहे."

५. म्हणून कलम ४ च्या जागी हे: सातही कानशी, अकराही पेचकस, भिंग आणि माझी टेबलाजवळची खुर्ची काकांना. नोंदवही दादाच्या मुलीला, एका अटीवर. दर शनिवारी तिने दुरुस्तीखोलीत जाऊन आठवड्याच्या नोंदी काकांना मोठ्याने वाचून दाखवाव्यात. "लिहिलंय ना" असे म्हणू नये.

६. ती साइट दोन्ही रेघांसकट मास्तरीणबाईंना द्यावी. दोष त्यांच्या हाताचा नव्हता, आणि आबांच्या हाताचाही पुरता नव्हता. खोलीतले ओरडून विचारणे-सांगणे मीच थांबवले होते.

७. वहिनीला कपाटासोबत माझी लाल बाटली. कोणती कोणाची, हा घोळ पुन्हा नको.

काकांना या कागदाने लाभ होतो, म्हणून ते साक्षीदार नाहीत. मात्र पहिल्या ओळीपासून इथपर्यंतचा मजकूर, रद्द केलेल्या कलमासकट, मी त्यांना वाचून दाखवला आहे. कलम ४ ला ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचले. ते म्हणाले, "ठीक लावलायस नेम. माणूस चुकीचा होता, एवढंच."

सही: साइट दुरुस्त करणारी, आबांची मुलगी

आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केली:
साक्षीदार १: क्लबचे कारकून (कागद दोनदा तपासायला लावला, तरी रागावले नाहीत)
साक्षीदार २: शेजारचे चष्मेवाले

स्थळ: दुरुस्तीखोली, लेथ बंद असताना
दिनांक: शुक्रवार, शस्त्रक्रियेआधी चार दिवस