बाबांची स्कूटर

प्रिय ठमे,

तुझी बदली झाली तरी आई अजून तिघांचाच स्वयंपाक करते आणि उरलेलं मला संपवायला लावते. माझ्या पँटी घट्ट झाल्यात, त्याचं पाप तुझ्या माथी.

तू बस चालवायला लागलीस तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटलो होतो. मग तो मंत्रचळ मागे लागला. चाकाखाली जरा खडखडलं की आपण कुणाला तरी चिरडलं, अशी धास्ती. ड्यूटी संपली की तू तोच रस्ता पायी तपासायचीस, दोनदा, चारदा, पाय सुजेपर्यंत. डेपोतले साहेब तुझ्या हातून स्टेअरिंग काढून घ्यायची भाषा करू लागले. आणि मी शहाण्याने काय केलं? स्कूटर काढली! रोज तुझ्या बसमागे धूर खात जायचो आणि संध्याकाळी छातीठोकपणे सांगायचो, एक मांजरसुद्धा मेलं नाही. तुला तासभर बरं वाटायचं. मग विचारायचीस, मधल्या सिग्नलला तुम्ही मागे पडला होतात का? दुसऱ्या दिवशी मी आणखी चिकटून जायचो.

उपचार करणाऱ्या बाईंनी बाबांची स्कूटर बंद करा म्हटलं, तेव्हा मला असा राग आला! पोटच्या पोरीला धीरही द्यायचा नाही? त्या म्हणाल्या, शंका येणारच. तिला हाकलू नका, तिच्याशी वाद घालू नका. ती असतानाच आपल्याला मोलाचं वाटतं ते करायला शिकायचं. मनात म्हटलं, हे कसलं औषध!

पण तू ते केलंस. मोलाचं काय, असं त्यांनी विचारल्यावर तू म्हणालीस, शेवटच्या थांब्यावरची म्हातारी माणसं वेळेवर दवाखान्यात पोचायला हवीत. बस्स, एवढंच. पहिल्यांदा रस्ता न तपासता घरी आलीस तेव्हा घामाने निथळत होतीस. शंका गेली का, असं मी विचारलं, तर म्हणालीस, नाही, आहे की, पण मला भूक लागलीय. ठमे, तुझ्या जागी मी असतो तर किल्ली फेकून घरी बसलो असतो. एवढं धाडस मी कुणात पाहिलेलं नाही, आणि ते तुला कधी सांगितलं नाही, म्हणून आज सांगतो.

काल तुझा निरोप आला. शाळेजवळच्या वळणावर गाडी जरा उडाली, आरशात रस्ता मोकळा दिसला, तरी बाबा, एकदाच म्हणा ना, काही झालं नसेल. वाचून जीव कासावीस झाला. फोन केला असता तर ते वाक्य माझ्या तोंडून निघालंच असतं. म्हणून पत्र लिहितोय. मी ते म्हणणार नाही. मला माहीत नाही, ठमे. पत्र पोचायला चार दिवस लागतात, पोस्टात विचारून आलोय. हे वाचशील तेव्हा माझ्या उत्तरावाचून तू चार दिवस गाडी चालवलेली असशील.

तुझाच,
बाबा