खड्डा पडला की पाडला

पडता पडता मी सायकलची घंटी वाजवली, ताई. समोर ना माणूस होता ना कुत्रं. खड्ड्याने बाजूला व्हावं अशी माझी अपेक्षा असावी. (वन्सं, घंटी वाजलेली नाही. ती वर्षभर वाजतच नाही.)

थांब, नमस्कार राहिला. तुला, तुझ्या गुडघ्याला आणि तुझ्या रागाला वेगवेगळा नमस्कार. गुडघा कसा आहे? राग ठणठणीत आहे, हे दाजींच्या चेहऱ्यावरून समजतं. आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे माझं उजवं मनगट सोडून बाकीचे. ते प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मी सांगतो आहे आणि तुझी भावजय लिहिते आहे. कंसातला मजकूर तिचा. तो वाचला नाहीस तरी चालेल. (आधी तोच वाचा.)

तू फोन उचलत नाहीस, त्यामुळे झालं ते तुला एकाच बाजूने कळलेलं आहे, आणि तीही पालिकेची बाजू. नवऱ्याने पालिकेच्या रस्ते खात्यात उभा जन्म काढला की बायकोलाही रस्ता एकच दिसतो. तर माझी बाजू ऐक. रोजच्यासारखा दुकानात निघालो होतो. पालिकेने सायकलींसाठी हिरवा पट्टा आखून दिला आहे, त्यातूनच. बाहेरून चालवली असती तर आज उजव्या हाताने जेवत असतो, पण आखलेली ओळ सोडून लिहायचं नाही ही सवय लहानपणी तूच लावलीस. हा पट्टा विजेच्या खांबाला वळसा घालतो, कचऱ्याच्या डब्यापाशी दिसेनासा होतो आणि डब्यापलीकडे पुन्हा उगवतो. तो उगवतो तिथे खड्डा होता. आणि खड्डाही हिरवा होता. रंगारी प्रामाणिक माणूस. त्याला पट्टा रंगवायला सांगितला, त्याने तळासकट रंगवला.

मी पालिकेवर लावलेल्या दाव्याच्या मागच्या सुनावणीला पालिकेच्या वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "आपला व्यवसाय?" मी म्हटलं, चष्म्यांचं दुकान. ते न्यायाधीशबाईंकडे वळून नुसते उभे राहिले, पाहुण्यापुढे ताट वाढून ठेवल्यासारखे. मागच्या बाकावर कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. "लोकांची नजर तपासता, आणि एवढा खड्डा दिसला नाही?" मी म्हटलं, हिरव्यात हिरवं होतं. ते म्हणाले, "म्हणजे पालिकेने खड्ड्याचीसुद्धा निगा राखली होती." (यावरचं उत्तर हे घरी येऊन शोधत होते. सापडलं तेव्हा मी भांडी घासत होते, त्यामुळे ते मला ऐकावं लागलं.)

मग व्याकरण सुरू झालं. वकिलांचं म्हणणं असं की खड्डा पडतो. पाऊस पडतो, भाव पडतात, माणसाला प्रश्न पडतो, तसा खड्डाही पडतो. त्यात कोणाचा हात नसतो. असा आपोआप पडलेला खड्डा कोणी कळवला नाही, म्हणजे पालिकेला तो ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही त्याची जबाबदारी नाही. तसाच मीही पडलो, मला कोणी पाडलं नाही. एक पडलेला दुसऱ्या पडलेल्यात जाऊन पडला, यात पालिका आली कुठे? खरं सांगतो, ऐकता ऐकता मलाही पटत चाललं होतं. न्यायाधीशबाईंनी मात्र चष्मा काढून पुसला (काड्या सैल होत्या, पण मी गप्प बसलो) आणि विचारलं, खड्डा पडला नव्हता, पालिकेनेच पाडला होता, असं सांगणारं कोणी आहे का? तसं असेल तर जबाबदारी पालिकेची. (काड्यांचा कंस ह्यांचा. मी तो मान्य केला.)

यावरही मी गप्प बसलो, ताई. तू मला घरभेद्या म्हणालीस, पण घरभेद्या गप्प बसत नाही. सांगणारा माणूस मला ठाऊक होता. प्लास्टर बघायला तुम्ही दोघं आलात त्या दिवशी तो माझ्याच टेबलावर जेवला. दाजींनी विचारलं, नक्की कुठे पडलास? मी सांगितलं. तर घास तोंडात असतानाच ते म्हणाले, "कचऱ्याच्या डब्यापुढचा? अरे, तो आम्हीच पाडलेला. नळ फुटला होता. बुजवायचा राहिला बघ." आणि भाजी वाढून घेतली. (दोनदा. मला बरं वाटलं.) तू टेबलाखालून त्यांना लाथ मारलीस, ती मला लागली. पुढे मी दावा लावला तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "ताटावरचं बोलणं कोर्टात न्यायचं नाही. नेलंस तर मला ताई म्हणू नकोस." आणि फोन ठेवलास, तो आजवर.

मी नेलं नाही. पण उद्या वकील दाजींनाच उभे करणार आहेत, पालिकेचे साक्षीदार म्हणून. त्यांच्या खात्यातल्या साहेबांनी त्यांना बजावलं आहे म्हणे, जास्त बोलायचं नाही, 'पडला' एवढं म्हणायचं आणि खाली बसायचं. दाजी निवृत्तीला आलेले. 'पाडला' म्हणाले तर खड्डा कोणी बुजवला नाही हा प्रश्न निघेल, आणि साहेबांचं बोट खालच्या माणसाकडे वळेल. 'पडला' म्हणाले तर मी स्वतःच्या आंधळेपणाने पडलो. सगळं एका कान्यावर अडलेलं आहे.

मला पालिकेकडून दानधर्म नको. डॉक्टर म्हणतात मनगटाची आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागेल, तरी बोटांची पकड पूर्वीसारखी येईलच असं नाही. चष्म्याच्या काडीचा स्क्रू तिळाएवढा असतो. तो बसवता येईना तर मी दुकानात काय करायचं, गिऱ्हाईकासमोर आरसा धरून उभं राहायचं? (परवा हे डाव्या हाताने बसवायला गेले. मग आम्ही दोघं स्क्रू शोधत जमिनीवर. गिऱ्हाईकही उतरलं, पण त्याचा चष्मा ह्यांच्या हातात असल्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही.) चूक माझी असेल तर मी सोसेन. पण माझी नसताना माझी म्हणून सोसायची, हे जमत नाही.

दाजींना मी काही सांगणार नाही. तूही सांगू नकोस. आणि तू बोलत नाहीस याचं मला काही वाटत नाही, हे एकदा स्पष्ट लिहून ठेवतो. दुकानात कशी शांतता आहे. डोकं मोकळं राहतं. गुडघ्याला शेक दे.

तुझा धाकटा

ता. क. तू म्हणशील तर उद्या दावा मागे घेतो. पण ते फोन करून सांग. चिठ्ठी चालणार नाही, दाजींबरोबर निरोपही चालणार नाही. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण स्वतः दे.

ता. क. दुसरा. (हा ह्यांनी सांगितलेला नाही.) दुकानातला फोन वाजला की हे गिऱ्हाईकाच्या डोळ्यावर भिंग तसंच ठेवून धावतात. काल एक बाई खालची ओळ वाचून संपल्यावर भिंतीवरची किंमतपाटी वाचत होत्या. फोन चुकीचा नंबर होता.

वन्सं, हे दुसऱ्या दिवशी सकाळी, कोर्टाच्या बाकावर बसून मी माझं लिहिते आहे. ह्यांनी हे पत्र काल पाठवलंच नाही, तरी रात्रभर तुमच्या फोनची वाट बघितली. तो आला नाही, म्हणून दावा मागे घेतला नाही. वकिलांनी दाजींना विचारलं, खड्डा पडला होता, बरोबर? दाजी म्हणाले, "नाही. आम्ही पाडला. बुजवला नाही." वकिलांनी तेच पुन्हा विचारलं, मोठ्याने. दाजींनी तेच पुन्हा सांगितलं, हळू. घरी तुमचं त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी विचारणारही नाही. निकाल पुढच्या तारखेला आहे. साहेब दाजींकडे न बघता गाडीत बसून गेले. मग हे दोघे पायरीवर बसले. शेवटी दाजी उठले आणि म्हणाले, "चल घरी. तुझी बहीण काय म्हणते ते दोघांनी मिळून ऐकू." आता निघताहेत. पत्र मी तुमच्या भावाच्या खिशात घालते आहे. आपणहून देणार नाहीत. तुम्ही मागून घ्या, असा निरोप दाजींबरोबर देते आहे.