रिदाच्या नावाचं पत्र

४ मे, रविवार

चार महिन्यांत एक ओळ नाही. माफ कर, डायरी. बसले असते तर खरं लिहावं लागलं असतं, म्हणून टाळलं.

रिदाला जर्मनीतल्या हायडेलबर्गहून ईमेल आली. एम.ए.ला प्रवेश! १३८६ सालचं विद्यापीठ, आणि माझी मुलगी! तिच्या अब्बांनी, मजीदनी, इथल्या कुवेतमधल्या अर्दियाच्या गोदामातूनच सगळ्यांना फोन लावले. जिन्यात शेजारची असमाभाभी भेटली. "सहाशे वर्षं जुनं? मग छप्पर गळत असंल गो!"

रिदा म्हणाली, "ओके, अम्मी." आणि खोलीचं दार लावून घेतलं.

६ मे

मजीद कामावर, रिदा तिच्या नर्सरीत शिकवायला. दुपारभर या एगैलातल्या फ्लॅटमध्ये एसी तेवढा बोलतो.

अर्जासोबतचं पत्र — मला इथेच का शिकायचंय — रिदाचं नाही. तिने चार ओळी लिहिल्या होत्या. म्हटलं, आण, जरा नीट करते. नीट करता करता तिची एकही ओळ उरली नाही! दोन पानं झाली. त्या विद्यापीठाच्या दारावर 'जिवंत चैतन्यास' असं कोरलं होतं. नाझी काळात ते 'जर्मन चैतन्यास' झालं, ज्यू प्राध्यापकांना घालवलं. युद्धानंतर जुने शब्द परत लागले. मी लिहिलं — जिथे चूक लपवत नाहीत, तिथे मला शिकायचंय.

'मला' म्हणजे कुणाला? रत्नागिरीला इतिहासात बी.ए. झाले, एम.ए.चा फॉर्मही आणला होता. मग लग्न, मग कुवेत.

७ मे

वाचलं — तिकडे नक्कल सापडली तर दिलेली डॉक्टरेटसुद्धा काढून घेतात. मग हे पत्र?

९ मे, शुक्रवार

रिदाला म्हटलं, खरं कळवूया. तू तुझं पत्र लिही. जागा गेली तर गेली.

ती हसलीच! "अम्मी, चारच ओळी लिहिल्या, बिकॉज मला जायचंच नव्हतं. माझी नर्सरीतली मुलं सोडून?"

"मग बोलली का नाहीस?"

"यू वेअर सो हॅपी. पहिल्यांदाच."

दोघींनी बसून नकार पाठवला, कारणासकट — पत्र मी लिहिलं होतं, हेही. एकाच घरात राहतो — आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

१० मे

मजीदना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "झुलेखा, सहाशे वर्षं उभं हाय ना ते? मग तुझ्यासाठी अजून दोन वर्षं थांबंल की!"

उद्या: बी.ए.चं सर्टिफिकेट शोधणे. माझं.