चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. सगळे खुशाल आहात, वहिनीचा गुडघा आता जिना चढू देतो, हे वाचून बरं वाटलं. मीही बरी आहे. खोकला होता, गेला. खिडकीची काच अजून तशीच आहे, तिला पुठ्ठा लावला आहे आणि मला आता त्याची सवय झाली आहे.

तू विचारलंस, "या वयात विद्यापीठ? आणि तेही समाजशास्त्र? कारण तरी काय?" वहिनीने फोनवर हेच विचारलं, फक्त हसत. अर्ज घ्यायला गेले तर खिडकीवरच्या बाईंनीही विचारलं, "पाल्याचं नाव?" म्हटलं, "मीच पाल्य." त्यांनी चष्मा वर करून माझे पिकलेले केस पाहिले आणि फॉर्म पुढे सरकवला. एकूण काय, माझ्या शिकण्याची सगळ्यांना करमणूक झाली आहे. होऊ दे.

त्या अर्जात अर्ध्या पानाची एक चौकट आहे. 'हा विषय का निवडला?' पहिल्यांदा मी लिहिलं, समाजाविषयी आस्था, पंधरा वर्षांचा सर्वेक्षणाचा अनुभव, वगैरे. छान जमलं होतं. पंधरा वर्षं लोकांची उत्तरं चौकटीत बसवली, तर स्वतःचं एक बसवायला काय लागतं! मग तो कागद फाडला. खरं कारण आधी तुला सांगते, कारण त्यात तुझाही वाटा आहे.

मागच्या वर्षी याच दिवसांत आमच्या कार्यालयाला एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं सर्वेक्षण मिळालं होतं. त्यावरून पालिका यादी करणार आणि यादीतल्या घरी आठवड्यातून एकदा परिचारिका जाणार. चौदावा प्रश्न होता, 'रोज विचारपूस करणारं कोणी आहे का?' होय असेल तर एक लिहायचा, नसेल तर दोन. माहिती मिळाली नाही तर नऊ, म्हणजे दुसरी व्यक्ती पुन्हा त्या घरी जाते. यादी ठरणार होती ती मुख्यतः या एका प्रश्नावर.

माझ्या वाट्याला आईची गल्ली आली. नात्यातलं घर आपण करायचं नाही, ते सहकाऱ्याला द्यायचं, असा आमचा नियम आहे. मी ते आमच्या मास्तरणीला द्यायला हवं होतं. तिला आम्ही मास्तरीण म्हणतो, कारण ती खरोखरच प्रत्येक जिना चढते आणि प्रत्येक प्रश्न दोनदा विचारते. तिच्यापुढे म्हातारी माणसं घडाघडा बोलतात. आईही बोलली असती. "मुलगी वीस मिनिटांवर राहते, पाच आठवडे फिरकली नाही," हे तिने मास्तरणीला सांगितलं असतं आणि दुसऱ्या दिवशी मला कार्यालयात त्या बाईच्या शेजारी बसायचं होतं.

का फिरकले नव्हते तेही ऐक. आईची औषधं, दवाखाना, गॅस, चादरी, सगळं मी करत होते. एके दिवशी मी फरशी पुसत असताना ती म्हणाली, "त्याचा फोन आला की मला कसं बरं वाटतं." त्याचा म्हणजे तुझा. रविवारचा, तोही आठवला तर. मी फडकं बादलीत टाकलं आणि निघून आले. म्हटलं, बघू दे तुझ्या फोनने घर कसं चालतं. एवढ्याशा गोष्टीवरून, दादा. आज मला स्वतःची किळस येते.

तर मी आईचा जिना चढलेच नाही. गल्लीच्या तोंडाशी बाक आहे, तिथे बसून फॉर्म भरला. कुलूपबंद घरांचे फॉर्म आमच्यातले बरेच जण असेच बाकावर भरतात. वय, आजार, खोल्या, सगळं मला पाठच होतं. चौदाव्या प्रश्नाशी हात थांबला आणि मी तुला फोन केला. आठवतं?

"आईला रोज फोन करतोस का?"

"रोज असं लिही."

"अरे, काय लिहू ते नाही विचारत. करतोस का?"

"अगं, लिही म्हटलं ना! आपल्याच घरची लाज आपणच चव्हाट्यावर मांडायची का?"

मी एक लिहिला. पुढच्या ओळीत, 'कोण?' 'मुलगी, रोज भेट. मुलगा, रोज फोन.' खाली माझीच सही. नऊ लिहिला असता तरी मास्तरीण गेली असती.

त्यानंतर मी आईकडे गेले, नाही असं नाही. आठवड्याने, दहा दिवसांनी, दारातूनच पिशवी देऊन. ती "बस जरा" म्हणायची आणि मी घड्याळ बघायचे.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. आई गेली तेव्हा तू शुक्रवारी आलास आणि आल्या आल्या सगळ्यांना सांगायला लागलास, "झोपेत गेली, सुटली." मी गप्प राहिले. आई झोपेत गेली नाही. ती सोमवारी सकाळी न्हाणीघरात पडली. बुधवारी मीटर बघणाऱ्याला भर दुपारी आतला दिवा जळताना दिसला, बेलला उत्तर मिळेना, म्हणून त्याने शेजारच्यांना उठवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मंगळवार संध्याकाळपर्यंत ती जिवंत असावी. मंगळवार हा त्या जिन्यावर परिचारिकेचा दिवस होता. ती तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे आली, रक्तदाब पाहिला आणि खाली उतरली. चौथ्या मजल्यावर तिच्या यादीत कोणी नव्हतं.

महिन्यापूर्वी अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हसणारी आजी. शंभरातल्या ब्याण्णव वृद्धांची रोज विचारपूस होते म्हणे. त्या आधारावर आता परिचारिका निम्म्या करणार आहेत. मी साहेबांना म्हटलं, हा आकडा खोटा आहे, यातला एक तरी मी स्वतः खोटा लिहिला आहे. ते म्हणाले, "बाई, तुम्ही माणसं मोजा. आकड्यांचा अर्थ लावायला शिकलेली माणसं आहेत." माझी कबुली त्यांना ऐकूच आली नाही.

म्हणून अर्ज. त्या ब्याण्णवांत आपल्या आईसारख्या किती आहेत, हे मला शोधायचं आहे. लाजेपोटी माणसं किती एक लिहितात, ते कसं ओळखायचं, हे शिकवणारं कोणीतरी तिथे असेल. नसेल तर मी त्यांना विचारून भंडावून सोडेन. शिकलेली म्हणून का होईना, माझं ऐकावं लागेल. पापक्षालन वगैरे म्हणू नकोस, तेवढी मी साधी नाही. मला राग आला आहे. माझा, तुझा आणि त्या मुखपृष्ठावरच्या आजीचाही.

तू पत्राच्या शेवटी लिहिलंस, "आईचं जे झालं ते आपल्यातच राहू दे." म्हणजे तुला काहीतरी कळलं होतं, दादा. झोपेत गेलेल्या माणसाचं कोणी असं लपवत नाही.

नाही राहिलं ते आपल्यात. परवा मी चौकटीत सगळं लिहिलं. बाक, फोन, तू काय म्हणालास ते, फॉर्मचा क्रमांकही. जागा पुरली नाही, दोन पानं जोडली. काल अर्ज दिला, त्याची एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि मास्तरणीला सगळं तोंडाने सांगितलं. तिने तिचा डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. नोकरी बहुधा जाईल. चौकशीसाठी तुलाही फोन येईल. काय सांगायचं ते तुझं तू ठरव, या वेळी मी विचारणार नाही.

वहिनीला हे पत्र वाचायला दे.

कागदावर रोज आईकडे जाणारी,
तुझी धाकटी