मोहावरची घंटा

६ डिसेंबर, शनिवार. इस्लापूर

लातूरहून नांदेड, नांदेडहून इस्लापूर. एस.टी.तून उतरल्यावर हाडं चाचपली, सगळी जागेवर होती. संपादकांना पुरवणीसाठी 'घोड्यावरून जंगल' हवं आहे. कार्यालयात संस्कृत शिकलेला मी एकटाच, म्हणून अश्व माझ्या वाट्याला आला. अश्व म्हणजे रेशमा नावाची घोडी. मला पाहून तिनं जो सुस्कारा सोडला, तसाच लग्नात माझ्या सासऱ्यांनी सोडला होता.

मालक उमाशंकर मूळचा उदगीरचा. डाळीचा व्यापार सोडून त्यानं माळेगावच्या जत्रेतून घोडे आणले आणि आता पाहुण्यांना रानात फिरवतो. 'शरणार्थ' म्हणून हात जोडले, मला गुरुजी केलं आणि घोडीला वजन झेपेल का ते तिलाच विचारलं. रांधायला पार्वतीबाई. त्यांच्या भाकरीसाठी माणसानं दोन एस.ट्या आणखी बदलाव्यात. खोलीत सहस्रकुंडाच्या धबधब्याची घरघर ऐकू येते.

रानात बिबट्या आहे, इथं त्याला वाघरू म्हणतात. म्हणून उमाशंकरनं नियम सांगितले. रांग मोडायची नाही. घोडीचे कान बघत राहायचं, ते वळतील तिकडं काहीतरी असतंच. खाली उतरायचं नाही, उतरलोच तर वाकायचं नाही. घोड्यावरचा माणूस वाघराला थोराड जनावर वाटतो आणि वाकलेला माणूस शेळी. घोडीच्या गळ्यात घंटा हवीच, आवाज ऐकला की वाघरू आपण होऊन बाजूला होतं. पूजेत घंटा वाजवतात तीही देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून. शास्त्राचं आणि डाळीच्या व्यापाऱ्याचं एकमत झालेलं पाहून मी निर्धास्त आहे.

७ डिसेंबर, रविवार

आज पहिली फेरी. मांड्यांबद्दल न लिहिलेलं बरं.

ओढ्याच्या चढावर रेशमाच्या घंटेचा लोलक कुठंतरी गळून पडला. पुढं वाटेवर मोहाचं जुनं झाड लागलं. त्याच्या खालच्या फांद्यांना घंटाच घंटा, पितळी, लोखंडी, काही लाकडी. वाघरानं गाय-बैल नेलं की गुराखी उरलेली घंटा इथं बांधून जातो, असं उमाशंकर म्हणाला, आणि हात लावू नका असंही. तो पुढं झाला. माझी घोडी मुकी आणि झाडावर एवढ्या घंटा रिकाम्या! शेजाऱ्याकडून विरजण आणावं तशी एक पितळी घंटा, न उतरताच, सोडवून घेतली. आवाज गोड, जरा खर्जातला. उमाशंकरनं वळून पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच तो मला चिडवायचं विसरला.

परतलो तेव्हा पार्वतीबाई पिठाच्या हातांनी धावतच फाटकाशी आल्या. 'कपिले' अशी हाक अर्धी तोंडातच राहिली. समोर घोडी. कपिला त्यांची गाय, मागच्या पावसाळ्यात वाघरानं नेलेली. झाडावर घंटा त्यांनीच बांधली होती. मी ओशाळून म्हणालो की उद्या जागेवर नेऊन बांधतो. आवाज न चढवता त्या म्हणाल्या,

"ज्यानं माझी गाय नेली, त्याला बी ह्यो आवाज ओळखीचा हाय, भाऊ."

रात्री ताट त्यांनी उंबऱ्याशी ठेवलं. वाढायला आत आल्या नाहीत.

८ डिसेंबर, सोमवार

तबेल्याभोवतीच्या धुळीत ठसे आहेत. गव्हाणीपर्यंत आलेले, तिथं वाघरू थोडा वेळ बसल्याची खूणही. रेशमानं चारा तोंडात घेतला नाही.

उमाशंकर म्हणाला, आधी घंटा परत. मी म्हणालो, आधी धबधबा, मग झाड, पुरवणीला दुपारपर्यंत फोटो हवेत. माझंच चाललं, कारण पैसे भरणारा पाहुणा मी.

वाटेत गुराख्यांनी घंटा ऐकली आणि गुरं बाजूच्या कापसात घातली. पिकाची पर्वा केली नाही. एकानं ढेकूळ फेकलं, ते माझ्या पाठीत बसलं. दुसऱ्यानं विचारलं, वाघराला आमच्या दारात घेऊन येता का. उमाशंकरनं मान खाली घातली, मी घोडी पुढं काढली.

रेशमाचे कान सगळा वेळ मागे. आम्ही थांबलो की झुडपातली सळसळ थांबे. झाडापर्यंत जायला उजेड पुरला नाही.

वाघरू बाजूला होत नाही. मागून येतं.

९ डिसेंबर, मंगळवार. दुपार

रेशमाच्या गळ्यातल्या घंटेची गाठ सुटेना, म्हणून लोलकाला चिंधी गुंडाळून निघालो. थेट झाडाकडं. झाड दिसूही लागलं होतं. वाटेत ताजा ठसा, त्यात पाणी अजून झिरपत होतं. फोटोसाठी उतरलो. वाकलो.

एवढंच केलं.

पिवळं काहीतरी अंगावरून गेलं. खांदा फाटला आहे, खोल नाही. रेशमा उधळली, घंटा तिच्याच गळ्यात. उमाशंकरनं मला ओढत जुन्या टेहळणी मनोऱ्यावर चढवलं. एवढंच बोलला: "उतरू नका गुरुजी. काय बी ऐकू आलं तरी न्हाई." माणसं आणि हलग्या आणायला घोडा पिटाळत गेला.

ऊन उतरतंय

चिंधी सुटली असावी. घंटा वाजते आहे, लांब, ओढ्याकडं. टापाही ऐकू येतात. म्हणजे रेशमा जिवंत आहे. हाक मारावी तर वाघराला मी कळेन. न मारावी तर ती —

घंटा जोरात. खूप जोरात. मग एकदम नाही.

सूर्य टेकडीला

हलग्या अजून नाहीत. वही रक्तानं चिकटते.

घंटा पुन्हा. हळू. खर्जातली, तीच. इकडंच येते आहे. रेशमा सुटली! चालत येते आहे बिचारी —

टापा नाहीत.

कान देऊन ऐकलं. घंटा आहे. टापा नाहीत.

आवाहनाचे मंत्र सगळे पाठ आहेत. विसर्जनाचा एकही —

मनोऱ्याखाली थांबली.

शिडी वाजली. एक पायरी, आणि घंटा. दुसरी पायरी, आणि —